दूरदेशी जाऊन परक्या चालीरीती समजून घेताना

इथिओपियात कुणाच्या घरी कॉफीचे बोलावणे आले, तर निदान दोन तास मोकळे ठेवूनच जावे. आत गेल्यावर जमिनीवर ताजे हिरवे गवत पसरलेले दिसते. घरातली स्त्री ठेंगण्या आसनावर बसून कॉफीच्या हिरव्या बिया धुते, निखाऱ्यांवरच्या पसरट तव्यात त्या भाजायला घेते, आणि बिया काळपट होऊन तडतडू लागल्या की धुरकटलेला तो तवा उचलून प्रत्येक पाहुण्यासमोर फिरवते. पाहुण्याने तो धूर हाताने आपल्याकडे ओढून घ्यायचा आणि वास आवडल्याचे सांगायचे असते. मग बिया कुटल्या जातात, ‘जबना’ नावाच्या लांब मानेच्या मातीच्या भांड्यात कॉफी उकळते, शेजारी धूप जळत असतो आणि बिनकानाच्या चिमुकल्या कपांतून कॉफी हातात येते. ही पहिली फेरी. तिचे नाव ‘अबोल’. त्याच चोथ्यावर पाणी घालून दुसरी फेरी होते, ती ‘तोना’; आणि सर्वांत फिकी तिसरी, ती ‘बरका’, म्हणजे आशीर्वाद. तिसऱ्या फेरीआधी पाहुणा उठला तर ते घरच्यांना बरे वाटत नाही, कारण कॉफी हे निमित्त असते. शेजारपाजारच्या बातम्या, घरातल्या अडचणी, लग्नाच्या बोलण्या हे सारे त्या फेऱ्यांच्या आधाराने चाललेले असते.

ज्याची पुढची गाडी तासाभरात सुटणार आहे त्याला कॉफी मिळते, पण तिच्या भोवतीचे बोलणे त्याच्या कानावर पडत नाही. परक्या लोकांच्या चालीरीती खरोखर समजून घ्यायच्या असतील तर ठिकाणे कमी करावीत, मुक्काम वाढवावा आणि तिथे शिकणाऱ्याच्या नात्याने राहावे. पुढच्या सगळ्या सूचना या एकाच गोष्टीसाठी आहेत.

ठिकाण आणि वेळ निवडताना

हाताशी तीन आठवडे असतील तर पाच देशांचा बेत आखू नये. एका देशातला एक प्रदेश आणि शक्यतो त्यातले एखादे गाव किंवा शहराचा एखादा भाग निवडावा. पहिला आठवडा वाटा, चलन आणि जेवणाच्या वेळा कळण्यातच जातो. दुसऱ्या आठवड्यात लोक चेहऱ्याने ओळखू लागतात. तिसऱ्यात कुणीतरी स्वतःहून सांगतो की उद्या आमच्याकडे बारसे आहे, या. नेमक्या त्या दिवशी आपण पुढच्या देशाच्या विमानात बसलेले असलो, तर आधीच्या दोन आठवड्यांचे कष्ट वाया गेले असे समजावे.

तारखा ठरवण्यापूर्वी त्या समाजाची दिनदर्शिका पाहावी, कारण तिथला काळ आपल्या काळासारखा चालेलच असे नाही. इथिओपियाच्या वर्षात १३ महिने असतात, त्यांपैकी १२ महिने प्रत्येकी ३० दिवसांचे आणि शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा. नवे वर्ष बहुतेक वेळा ११ सप्टेंबरला सुरू होते, आणि दिवसाचे तास पहाटेपासून मोजले जात असल्याने आपले सकाळचे सात म्हणजे तिथला एक. बसची वेळ विचारताना हा फरक माहीत नसेल तर सहा तासांची चूक होते. बालीमध्ये ‘न्येपी’ या मौनदिनी, जो बहुधा मार्चमध्ये येतो, विमानतळसुद्धा २४ तास बंद असतो. रस्त्यावर कुणी फिरत नाही, रात्री दिवे मंद ठेवले जातात आणि परदेशी पाहुण्यांनाही मुक्कामाच्या आवारातच थांबावे लागते. केवळ समुद्रकिनारा पाहायला आलेल्या माणसाला तो दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. शिकायला आलेल्या माणसाने मात्र मुद्दाम त्याच दिवशी तिथे असावे, आणि आदल्या संध्याकाळी ‘ओगो-ओगो’ या राक्षसी पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात त्याही पाहाव्यात. रमजानचा महिना दर वर्षी साधारण १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो. त्या काळात मुस्लिम देशांत दिवसा बरेच व्यवहार मंदावतात, पण सूर्यास्तानंतरच्या जेवणाला परक्या माणसाला आग्रहाने बसवून घेतात.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्ट निदान सहा महिने वैध असावा, कारण अनेक देश तशी अट घालतात. युरोपातील शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, अल्प मुदतीच्या पाहुण्याला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, हे लांब मुक्काम ठरवताना विसरू नये. पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरले जाते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील काही देशांत त्याशिवाय प्रवेश मिळत नाही, म्हणून डॉक्टरांकडे निघण्यापूर्वी सहा-आठ आठवडे जावे. आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पद्धतशीर मुलाखती घेणे, ध्वनिमुद्रण करणे, प्रश्नावली भरून घेणे ही कामे पुष्कळ देशांत पर्यटक व्हिसावर करता येत नाहीत, त्यांना वेगळा संशोधन परवाना लागतो. कुतूहलाने गप्पा मारणे आणि माहिती गोळा करणे यांतली सीमा त्या देशाच्या नियमांत कुठे आहे, हे आधीच विचारून घ्यावे.

भाषेची तयारी

अल्-बेरूनी हा मध्य आशियातला विद्वान अकराव्या शतकात भारतातल्या, म्हणजे त्याला परक्या असलेल्या, समाजाविषयी लिहायला बसला, तेव्हा तो समाज समजणे कठीण का जाते याची कारणे त्याने सुरुवातीलाच दिली, आणि त्यांत पहिले कारण भाषेचे होते. तो नुसती तक्रार करून थांबला नाही. संस्कृत शिकला आणि १०३० च्या सुमारास आपला ग्रंथ पुरा केला. आपल्याला इतके साधणार नाही हे खरे, पण दोन-तीन महिन्यांच्या तयारीत सुमारे ३०० शब्द आणि २० वाक्ये कुणालाही शिकता येतात, आणि तेवढ्यानेही फार मोठा फरक पडतो.

कोणती वाक्ये शिकावीत हे मात्र विचारपूर्वक ठरवावे. प्रवाशांसाठीच्या छोट्या पुस्तकांत खोली, बिल आणि विमानतळ यांचीच वाक्ये भरलेली असतात. आपल्याला हवी आहेत ती वेगळी: ‘याला काय म्हणतात?’, ‘हे कसे करतात ते मला दाखवाल का?’, ‘माझे काही चुकले तर सांगा’, ‘मी इथे बसू का?’, ‘तुमच्या आई-वडिलांची तब्येत कशी आहे?’. नात्यांचे शब्द तर आधी पाठ करावेत, कारण थोरली बहीण आणि धाकटी बहीण यांना, किंवा आईकडचे आणि वडिलांकडचे आजोबा यांना वेगळे शब्द आहेत का, यावरूनच त्या समाजात कोणाचा मान कसा राखला जातो याचा पहिला धागा हाती लागतो. जावानी भाषेत बरोबरीच्यांशी बोलायची ‘न्गोको’ आणि आदराने बोलायची ‘क्रामा’ या दोन पातळ्यांत रोजच्या वापरातले कित्येक शब्दही बदलतात. अशा ठिकाणी आदराची पातळी आधी शिकावी. परक्याने अति नम्र बोललेले चालते, सलगीचे खपत नाही.

वाचनाच्या बाबतीत माझा आग्रह असा, की बाहेरच्यांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनांपेक्षा त्या समाजातल्या लेखकांच्या कथा-कादंबऱ्या आणि तिथली वर्तमानपत्रे आधी वाचावीत. जुन्या वर्णनांतली लोकांची नावेसुद्धा तपासून घ्यावीत. उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी लोकांना पूर्वी बाहेरचे लोक ‘लॅप’ म्हणत. तो शब्द त्यांना अपमानकारक वाटतो. लोक स्वतःला जे म्हणवतात तेच नाव वापरावे.

दारातले पहिले पाच मिनिट

उंबरठ्यावर जे घडते त्यावरून यजमान आपल्याविषयी मत बनवतात, आणि तिथल्या चुका नंतर भरून काढायला फार वेळ लागतो. म्हणून निघण्यापूर्वी आणखी काही शिकता आले नाही तरी त्या ठिकाणी दारातून आत कसे जातात एवढे नक्की शिकून घ्यावे.

मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात नमद्याच्या गोल तंबूला, म्हणजे ‘गेर’ला, टकटक करून आत जात नाहीत. थोड्या अंतरावरूनच ‘नोखोइ खोर’ अशी हाक द्यायची. तिचा अर्थ ‘कुत्रा धरा’ असा होतो, आणि कुत्रा असो वा नसो, कुणी आले आहे एवढे त्यातून कळते. मग वाकून आत जाताना उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, तो ओलांडायचा. आत गेल्यावर डाव्या बाजूने वळायचे, कारण ती पाहुण्यांची बाजू. दारासमोरची आतली जागा ज्येष्ठांची आणि देवाची असते. यजमानाने सांगितल्याशिवाय तिथे बसू नये. मधल्या चुलीत कचरा टाकू नये. खारट दूधचहा किंवा वाळवलेल्या दह्याचा तुकडा पुढे आला, की उजव्या हाताने घ्यावा आणि डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार द्यावा. नको असेल तरी ओठांना लावावा, परत सारू नये.

फिजीच्या खेड्यात गेल्यावर पहिले काम ‘सेवुसेवु’चे. ‘यांगोना’ या झाडाच्या वाळलेल्या मुळांची जुडी सोबत नेऊन ती गावच्या प्रमुखाला विधिपूर्वक द्यायची आणि गावात येण्याची परवानगी मागायची. डोक्यावर टोपी नसावी, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मग त्या मुळांचे पेय करवंटीतून येते. घेण्यापूर्वी एकदा आणि प्याल्यावर तीनदा ओंजळ करून टाळी वाजवायची असते. सामोआत संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ, ‘सा’, शंखाच्या किंवा घंटेच्या आवाजाने जाहीर होते, आणि ती संपेपर्यंत गावातून चालणाऱ्याने जागच्या जागी थांबायचे असते. जपानी घरात दाराच्या आत खालच्या पातळीवर पादत्राणे काढायची, त्यांची टोके दाराकडे वळवून ठेवायची, आणि पुढे ‘तातामी’ चटई आली की सपाताही बाहेर काढायच्या. शौचालयातल्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या घालून बैठकीत येणे ही परदेशी पाहुण्याकडून हमखास होणारी चूक आहे.

ही माहिती पाठ करण्यासाठी दिलेली नाही. या सगळ्या ठिकाणी एक समान गोष्ट दिसते: आत येणाऱ्याने आधी थांबायचे असते. म्हणून अनोळखी दारात काहीच कळत नसेल तर थांबावे, हात मोकळे ठेवावेत आणि आपल्याच वयाचा व आपल्यासारखाच पाहुणा काय करतो ते पाहून तसे करावे. भेटवस्तूबाबतही स्वतःच्या अंदाजावर जाऊ नये. इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांच्या अंत्यविधीला जाताना साखर, कॉफी किंवा सिगारेटी नेण्याची पद्धत आहे आणि कपडे काळे किंवा गडद घालतात. चीनमध्ये घड्याळ भेट देणे अशुभ मानतात. गावातल्याच कुणाला तरी एक प्रश्न विचारला की हे कळते, आणि असे विचारलेले लोकांना आवडते.

पाहणे, विचारणे आणि लिहून ठेवणे

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ १९१५ साली न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर गेला आणि त्याने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीत न राहता ओमाराकाना या गावात झोपड्यांच्या मधोमध तंबू ठोकला. सकाळी उठल्यावर भांडणे, स्वयंपाक, आजारपण, होडीची डागडुजी हे सारे समोरच घडत असे. मुलाखतीत जे कुणी सांगत नाही ते असे शेजारी राहिल्याने कळते. सामान्य प्रवाशाने यावरून एवढे घ्यावे की हॉटेलऐवजी कुटुंबात राहण्याची सोय शोधावी, रोज एकाच दुकानात आणि एकाच चहाच्या ठिकाणी जावे, आणि दिवसातला काही काळ काहीही न ठरवता एखाद्या चौकात नुसते बसावे.

लोक लगेच जवळ करतील अशी अपेक्षा ठेवू नये. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ आणि त्यांची पत्नी १९५८ साली बालीतल्या एका गावात पोहोचले, तेव्हा लोक त्यांच्या आरपार पाहत. जणू ते तिथे नाहीतच. दहाएक दिवसांनी बंदी असलेल्या कोंबड्यांच्या झुंजीवर पोलिसांचा छापा पडला. ओळखपत्र दाखवून बाजूला उभे राहण्याऐवजी हे दोघेही गावकऱ्यांबरोबर पळाले आणि एका अनोळखी अंगणात शिरले; तिथल्या बाईने लगोलग टेबल आणि चहा मांडून त्यांना बसवले. दुसऱ्या दिवसापासून सारे गाव त्यांच्याशी बोलू लागले, त्यांच्या पळण्याची नक्कल करू लागले. बेकायदा कार्यक्रमांना जावे असा याचा अर्थ मुळीच नाही. परदेशात कायदा मोडण्याचे परिणाम फार कठोर असू शकतात. पण इतके दिवस दुर्लक्ष होत असूनही ते तिथेच राहिले, आणि प्रसंग आला तेव्हा गावाच्या बाजूने वागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

प्रश्न विचारण्याची एक युक्ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘हे का करता?’ असे विचारले की उत्तर बहुधा ‘पूर्वीपासून चालत आले आहे’ असेच मिळते, कारण रोजच्या रिवाजाचे कारण कुणीच मनात बाळगून हिंडत नाही. त्याऐवजी विचारावे: हे कोण करते आणि कोण करू शकत नाही? याची तयारी कधीपासून सुरू होते? खर्च कोण करतो? मागच्या वेळी काय झाले होते? एखाद्याने हे केले नाही तर लोक काय म्हणतात? शेवटच्या प्रश्नाने तर माणसे खुलतात, कारण नियम मोडल्याच्या गोष्टी प्रत्येकाला आठवतात आणि त्या गोष्टींतूनच नियमाचा अर्थ उलगडतो. एकाच बाबीविषयी निदान तिघांना विचारावे. त्यांत एखादी वृद्ध व्यक्ती, एखादी तरुण व्यक्ती आणि स्त्री-पुरुष दोघेही असावेत. पहिल्याच दिवशी जो आपली भाषा बोलत जवळ येतो, तो पुष्कळदा स्वतःच गावाच्या कडेला असलेला माणूस असतो. त्याची मदत आभार मानून घ्यावी, पण सगळ्या गावाचे मत त्याच्याच तोंडून ऐकू नये.

पाहिलेल्याचा अर्थ लावण्याची घाई किती फसवते, याचे एक उदाहरण कलाहारीतले आहे. रिचर्ड ली हे मानववंशशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात तिथल्या जु-होआन्सी लोकांमध्ये राहत होते. वर्षभराच्या सहवासाची परतफेड म्हणून त्यांनी नाताळच्या मेजवानीसाठी आसपास मिळालेला सर्वांत मोठा, पोसलेला बैल विकत घेतला. मग एकामागून एक लोक येऊन म्हणू लागले, की हा तर हाडांचा सापळा आहे, याने कुणाचे पोट भरणार, आता मेजवानीत भांडणे होणार. ली मनातून फार दुखावले. बैल कापला तेव्हा त्यावर चरबीचा जाड थर निघाला, मांस सगळ्यांना पुरून उरले, आणि लोक खाता खाता हसत होते. चौकशी केल्यावर कळले की मोठी शिकार आणणाऱ्या प्रत्येकाशी ते असेच बोलतात. भरपूर मांस आणणारा तरुण स्वतःला मोठा समजू लागतो, इतरांना आपले चाकर मानू लागतो आणि अशा गर्वातून एक दिवस कुणाचा तरी जीव जातो. म्हणून त्याच्या शिकारीला नावे ठेवून त्याचा अहंकार निववायचा. ली पहिल्याच दिवशी रागाने निघून गेले असते, तर त्यांच्या वहीत ‘कृतघ्न लोक’ एवढीच नोंद राहिली असती.

वहीत म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: मी काय पाहिले, मला काय सांगण्यात आले आणि मला काय वाटले. पानावर दोन उभ्या रेषा मारून तीन रकाने केले तरी पुरते. ‘म्हातारीने नातवाला रागावून हाकलले’ हे पाहिलेले नव्हे; ‘म्हातारीने उजवा हात खाली झटकला, मोठ्याने दोन शब्द उच्चारले, मुलगा उठून गेला’ हे पाहिलेले. बल्गेरियात मान वरखाली हलवणे म्हणजे नकार असू शकतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याची ‘होकार दिला’ ही नोंद चुकीची ठरते. पण ‘मान वरखाली हलवली’ एवढेच लिहिले असेल तर ती नोंद नंतर दुरुस्त करता येते. समोरच्याच्या तोंडावर भराभर लिहीत बसू नये. दोन-चार शब्द टिपून घ्यावेत आणि कितीही थकवा असला तरी त्याच रात्री विस्ताराने लिहावे. सकाळपर्यंत निम्मे बारकावे पुसट होतात.

मोठ्या विधीला हजर राहण्याची संधी मिळाली आणि सगळेच गोंधळाचे वाटू लागले, तर विधींचे अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ साली मांडलेली एक साधी चौकट मदतीला येते. जन्म, लग्न, मृत्यू, पाहुण्याचे स्वागत अशा विधींत माणूस आधी जुन्या स्थितीपासून वेगळा होतो, मग काही काळ अधांतरी राहतो आणि शेवटी नव्या स्थितीत सामावला जातो. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांच्या ‘पोव्हिरी’ या स्वागतविधीत हे लख्ख दिसते. पाहुणे आवाराच्या फाटकाबाहेर घोळक्याने थांबतात. आतून एक स्त्री ‘कारांगा’ ही लांब सुरातली हाक देते, पाहुण्यांकडची स्त्री तिला उत्तर देते आणि सारे हळूहळू मोकळे अंगण ओलांडतात. त्या क्षणी ते धड परके नसतात आणि धड आपलेही नसतात. दोन्ही बाजूंची भाषणे आणि गाणी होतात, मग नाकाला नाक टेकवून एकच श्वास वाटून घेतला जातो, तो ‘होंगी’. शेवटी सगळे एकत्र जेवतात आणि त्या जेवणानेच पाहुण्यांभोवतीचे ‘तापू’ म्हणजे पवित्र बंधन सुटते. हे टप्पे ओळखता आले की केव्हा गप्प राहायचे आणि केव्हा मोकळेपणाने बोलायचे हेही आपोआप कळते.

कॅमेऱ्याविषयी माझे मत कडक आहे: पहिले तीन दिवस तो पिशवीतून बाहेर काढू नये. नंतरही माणसाचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि ‘नाही’ म्हटल्यावर दुरून घेऊ नये. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत मृत व्यक्तीचे चित्र दाखवणे किंवा नाव घेणे वर्ज्य असते, म्हणून फोटो पुढे कुणाला दाखवायचा तर त्यातली माणसे हयात आहेत का, याची चौकशी करावी लागते. काही जागा परक्यांसाठी नसतात, हेही मान्य करावे. ऑस्ट्रेलियातल्याच उलुरूच्या खडकावर चढू नका असे तिथले आदिवासी अनांगू लोक कित्येक वर्षे पर्यटकांना विनवत होते. तरीही लोक चढत राहिले, आणि अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढण्यावर बंदी घालावी लागली. बंदी येण्यापूर्वीच विनंती ऐकून जे पायथ्याशी थांबले, त्यांचे वागणे अनुकरणीय होते.

मन उबगते तेव्हा आणि जे पटत नाही त्याबद्दल

मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात परक्या संस्कृतीत जाणाऱ्याच्या मनाचे टप्पे वर्णन केले: आधी सगळ्याचे कौतुक, मग चीड, मग हळूहळू सावरणे आणि शेवटी रुळणे. चिडीचा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आला तर त्यात आपला दोष आहे असे मानू नये. मालिनोव्स्कीची खासगी रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर १९६७ साली छापली गेली, तेव्हा तिच्यात बेटावरच्या लोकांबद्दलचा वैताग, घरची ओढ आणि काम सोडून कादंबऱ्या वाचत बसल्याबद्दलची स्वतःवरची चीड जागोजाग आढळली. अशा दिवसांत महत्त्वाचे निष्कर्ष लिहू नयेत. एक दिवस विश्रांती घ्यावी, ओळखीचे अन्न खावे, घरी फोन करावा, आणि मगच पुन्हा लोकांत जावे.

इब्न बतूता १३२५ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, टँजियरहून निघाला आणि जवळजवळ तीन दशके फिरत राहिला. मालदीवमध्ये त्याला काझी नेमले गेले. तिथल्या स्त्रिया कमरेच्या वर वस्त्र घेत नसत. त्याने तसे घेण्याचा हुकूम काढला आणि तो अमलात आणणे त्याला जमले नाही, हे त्याने स्वतःच प्रांजळपणे सांगितले आहे. इतका अनुभवी प्रवासीही पाहुणेपण विसरून सुधारक व्हायला निघाला. आपण काही दिवसांसाठी आलेलो असतो, हे भान सुटता कामा नये.

याचा अर्थ प्रत्येक प्रथेत सामील व्हावे किंवा प्रत्येक प्रथा योग्य मानावी असा नाही. तोराजा अंत्यविधीत रेड्यांचा बळी दिला जातो. तो पाहवणार नसेल तर आधीच तसे सांगून दुसऱ्या वेळी जावे, मध्येच तोंड फिरवून उठू नये. जॉर्जिया या देशातल्या ‘सुप्रा’ या मेजवानीत ‘तामादा’, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार, एकेका शुभेच्छेचे भाषण करतो आणि त्यानंतरच सगळे वाइनचा पेला उचलतात. मद्य घेत नसाल तर जेवायला बसण्यापूर्वी यजमानाच्या कानावर घालावे आणि भाषणाच्या वेळी मात्र इतरांबरोबर दुसऱ्या पेयाचा पेला उचलावा, म्हणजे नकाराने कुणाचा विरस होत नाही. इराणमध्ये ‘तारोफ’च्या रीतीने दुकानदार किंवा टॅक्सीवाला पैसे नकोत असे म्हणतो, ते शब्दशः घेऊ नये, दोन-तीनदा आग्रह करून पैसे द्यावेत. एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रीने ‘त्यांना वाईट वाटेल’ म्हणून मनाला न पटणाऱ्या ठिकाणी थांबू नये. चांगला यजमान तिची अडचण समजून घेतो. उलट कित्येक समाजांत स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, स्त्रियांची गाणी ही दालने केवळ स्त्रीपाहुण्यालाच उघडतात, आणि पुरुष प्रवाशाने ती आपल्याला दिसणार नाहीत हे स्वीकारावे.

परतताना

निघण्याच्या आदल्या दिवशी सर्वांना भेटावे. न सांगता गेलेला पाहुणा लोकांच्या मनाला लागतो. आपल्या वहीतल्या दोन-तीन गोष्टी भरवशाच्या माणसाला वाचून दाखवाव्यात आणि मला हे बरोबर समजले का, असे विचारावे. या एका बैठकीत महिन्याभरातल्या चुका दुरुस्त होतात. पाहुणचाराच्या बदल्यात पैसे देणे योग्य की अपमानकारक हे त्रयस्थ माणसाकडून जाणून घ्यावे. लेखन प्रसिद्ध करायचे असेल तर कुणाचे नाव, कोणाच्या घरातली गोष्ट छापलेली चालेल, याची परवानगी समोरासमोर घ्यावी.

फोटो पाठवतो असे कबूल केले असेल तर ते छापून खरोखर पाठवावेत. जाणारे सगळेच तसे कबूल करतात, म्हणून आलेले पाकीट लोक वर्षानुवर्षे जपून ठेवतात आणि पुढच्या पाहुण्याला दाखवतात. त्यासाठी निरोप घेताना घरातल्या कुणाच्या तरी हातून, त्यांच्याच लिपीत, पूर्ण पत्ता वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यावा. घरी आल्यावर त्या पानाची प्रत काढून ती तशीच पाकिटावर चिकटवता येते.